वरच्या पट्टीचा बेवड

मी माती वाचते. असं सांगितलं की समोरचा हमखास तळहात पुढे करतो. अहो, हात नाही, माती. आणि पुढचं नाही, मागचं. गेल्या सहा-सात वर्षांत एखाद्या रानात काय पेरलं, कुणाचं बी होतं, पीक कापून नेलं की तिथंच गाडलं, एवढंच मला कळतं. तेवढ्या भांडवलावर तालुक्यात माझ्या नावानं बोटं मोडणारे पुष्कळ आहेत.

यंत्राचं सरकारी नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला बेवडवाचक म्हणतो. बेवड म्हणजे काय हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. आधीच्या पिकानं जाताना मातीत जे ठेवलं, तो बेवड. चवळी, हुलगा, मूग, ताग ही शेंगांची मंडळी मुळांतून एक रस सोडतात. त्या रसाच्या ओढीनं मातीतले ठरावीक जिवाणू येतात आणि मुळांवर गाठी करून राहतात. झाड त्यांना साखर देतं, ते हवेतला नत्र धरून झाडाला देतात. गाठ नखानं फोडली आणि आत गुलाबी निघाली की समजायचं, कामकाज सुरू आहे. हे सगळं जुनंच.

नवं कळलं ते दोन हजार अडतीस साली. मुळं कुजून गेली तरी त्यांच्या जनुकांचे तुकडे चिकणमातीला धरून राहतात आणि दरवर्षी ठरावीक चालीनं झिजतात. झिजेवरून साल निघतं. पीक हिरवं गाडलेलं असेल तर पानांवरचं मेण वीतभर खोलीवर सापडतं. कापून नेलेलं असेल तर मेण नसतं आणि कापल्याच्या धक्क्यानं गाठी एकदम गळल्याची खूण मिळते. वर पुन्हा चाळीस साली बियाणे पेढ्यांनी घरटी एक मूठ घरचं बी नोंदवून ठेवलंय, त्यामुळे बी कुणाच्या घरातलं हेही लपत नाही. हातभर लांबीची सुई जमिनीत घालायची आणि चाळीस मिनिटं गप्प बसायचं. मला त्यातला गप्प बसण्याचा भागच जड जातो.

मग दुष्काळ झाले आणि त्यामागून आच्छादन कायदा आला. सहा वर्षं उघडं पडलेलं रान पंधरा वर्षांसाठी गावचाऱ्यात, म्हणजे गावाच्या सामायिक चारारानात, जमा. मालकानं दरसाल शेंगवर्गाचं पीक घेऊन माती झाकली असेल तर रान त्याचं त्याच्याकडे. तिसऱ्याच कुणी मालकाला न विचारता पेरलं असेल तर ती घुसखोर पेर. रान जमा होतंच, शिवाय पेरणाऱ्याचा गावचाऱ्यातला वाटा बंद. लेखी संमती असेल तर सूट. कागद नसेल, पण मालकानं स्वतःच्या घरचं बी दिलेलं असेल, तर तीही संमतीच धरायची. हे शेवटचं कलम कुणाला सुचलं कोण जाणे. त्या दिवसापर्यंत मी ते एकदाही वापरलं नव्हतं.

एकोणपन्नासच्या भाद्रपदात माझ्याकडे पांढरेमाळच्या विमल काळेल यांचा अर्ज आला. वय चौऱ्याहत्तर, मुक्काम चिंचवड, लेकीकडे, अकरावा मजला. दीड एकराची वरची पट्टी. अर्जात लिहिलं होतं, 'दरवर्षी मी स्वतः येऊन पेरले आहे.' चौऱ्याहत्तर वर्षांची बाई अकराव्या मजल्यावरून दर पावसाळ्यात माणदेशात येऊन पेरते, हे वाचून मला हसू आलं. हसत हसतच मी गाडी काढली.

पट्टी उतारावर होती. मुरमाड, हलकी, पाऊस पडला की माती घेऊन पळणारी. पण ती हिरवीगार होती. चवळीचे वेल एकमेकांत गुंतून अख्खं रान झाकलं होतं, नुकती फुलं लागत होती. मी सुई रोवली आणि बांधावर बसले. लगेच खालच्या रानातून एक बाई तरातरा वर आली. साधारण सत्तरीची, काटक, हातात विळा. ही शालन काळेल, विमलबाईंची धाकटी जाऊ. खालचं रान तिचं.

"कोन म्हनायचं आपन?"

मी ओळख दिली. "हे कुणी पेरलंय, मावशी?"

"मला काय म्हाईत? रान माझं न्हाई."

"पण चवळी तर छान आलीय."

"उगवली असंल आपसूक."

"ओळीत?"

"पाऊस शिस्तीत पडला असंल," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

मला ती बाई एकदम आवडली. चाळीस मिनिटं काढायची होती, म्हणून मी विषय बदलून विचारलं की अशा उताराला नेमकं काय पेरावं. माझ्या कामाचा तोही भाग आहेच. मी म्हटलं, बरेच जण ताग सांगतात.

"ताग?" ती गर्रकन वळली. "ज्यानं सांगितलं त्याला हितं आनून उभा करा. ताग पुरुषभर वाडतो, पर खाली भुई उघडीच! वळीव आला की बुडख्यामधनं माती पार खाली. आन बी धरलं की जनावरानं तोंड लावायची सोय न्हाई. धैंचा पानथळीचा, हितं काय कामाचा? लसूनघासाला पाटाचं पानी पायजे. उताराला चवळीच. सरपटती, पसरती, भुईला धरून ऱ्हाती. दुसऱ्या सालापासनं माती हलली न्हाई बघा."

"कुठली माती?"

ती चांगलीच सापडली होती. मग विळा जमिनीवर ठेवून ती माझ्या शेजारी बसली.

"वरची माती वाहून माझ्या पिकावर यायची, म्याडम. ज्वारी गाडली जायाची माझी. म्हनून पेरत हुते. दुसरं काय न्हाई."

"जाऊबाईंना विचारलं होतं?"

"आमचं बोलनं न्हाई."

किती वर्षं, ते तिनं बोटांवर मोजायचीसुद्धा तसदी घेतली नाही. बारा. शालनचा नवरा गेल्यावर वर्षाच्या आतच विमलच्या लेकीचं लग्न होतं. पुतणीला हळद लावायला शालन नवं लुगडं नेसून गेली. मांडवात बायकांनी तिला वाटी दिली नाही, बाजूच्या खोलीत बसवलं. विमल तिथंच होती. तिनं पाहिलं आणि ती गप्प राहिली. दोन वर्षांत विमलचाही नवरा गेला आणि पुतणीनं आईला चिंचवडला नेलं. वरच्या पट्टीत कुसळं वाढली.

यंत्रानं शिट्टी दिली. मी पडदा पाहिला. सहा सालं, सहाही झाकलेली. पाच सालं चवळी, बी शालन काळेल यांच्या घरचं. एकच साल वेगळं होतं, शेहेचाळीसचं. त्या वर्षी हुलगा होता, आणि त्याचं बी पांढरेमाळच्या नोंदवहीत नव्हतंच. ते मी जिल्ह्याच्या वहीत शोधायला पाठवलं.

पण माझी नजर दुसऱ्याच रकान्यावर अडकली होती. पानांचं मेण, वीतभर खोलीवर. सहाच्या सहा वर्षं.

"मावशी, तुम्ही एकदाही चारा कापला नाही? सगळं गाडलंत?"

"व्हय."

"घरी जनावर होतं ना?"

"चंद्री व्हती. म्हस. शेहेचाळीसला काडली. चारा नव्हता तवा."

मला खरोखरच कळेना. त्या साली सगळा तालुका वाळून गेला होता. लोकांनी जनावरं खाटकाच्या गाडीत चढवली. आणि हिच्या डोक्यावर दीड एकर हिरवा हुलगा उभा होता, तो हिनं स्वतः नांगर घालून मातीत घातला होता.

"अहो, मग कापला का नाही?" माझा आवाज जरा चढलाच.

तिनं माझ्याकडे कीव आल्यागत पाहिलं. "दुसऱ्याच्या रानातला चारा कापून न्हेला तर ती चोरी झाली. त्येच्याच रानात गाडला तर चोरी कशी हुईल? ज्येचं त्येला मिळालं की."

चंद्री कोणी नेली असं मी विचारलं, तर ती म्हणाली, तिचं इचारायचं न्हाई. मी पुढं विचारलं नाही.

आता अडचण अशी. मी खरं लिहिलं तर ती घुसखोर पेर. विमलची पट्टी जमा, पंधरा वर्षांसाठी, म्हणजे चौऱ्याहत्तराव्या वर्षी कायमचीच. शालनचा गावचाऱ्यातला वाटा बंद. तिच्याकडे आता चंद्रीची एक वगार होती, साडेतीन वर्षांची. वाटा बंद झाला की ती वगारही जाणार. हे सगळं मी तिला सांगितलं.

"मग ल्ह्या," ती म्हणाली. "पेरलं ते पेरलं. खोटं कशापायी बोलू?"

"मघाशी आपसूक उगवली म्हणालात ते?"

"ते तुमास्नी सांगितलं. कागदावर न्हाई सांगनार."

खोटं लिहायचं माझ्या अंगात नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे. यंत्र नोंद परस्पर वर पाठवतं, मी खोटं लिहिलं तर तासाभरात मलाच फोन येतो. पंचनाम्याची तारीख मी आठ दिवसांनी लावली आणि मालकिणीला नोटीस धाडली, स्वतः हजर राहा म्हणून.

विमल काळेल एकट्या आल्या. एसटीतून उतरून चालत, काठी टेकत. गोऱ्या, स्थूल, दम लागलेल्या. शालन आधीच बांधावर उभी होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. म्हणजे इतक्या निगुतीनं पाहिलं नाही की मध्ये मी उभी असून मलाच संकोच वाटला.

"हे सगळं मी पेरलेलं आहे," विमलबाई बसायच्या आधीच म्हणाल्या. "लिहा तसं."

"विमलबाई, बी तुमच्या घरचं नाही. पाच सालं शालनबाईंच्या घरचं आहे. माती सांगते."

"मातीला काय कळतंय?"

"तेवढंच कळतं तिला."

त्या खाली बसल्या. काठी आडवी ठेवली. शालन दुसरीकडे बघत चवळीच्या वेलाचं टोक उगाच बोटाला गुंडाळत होती. मी कायदा वाचून दाखवला. पट्टी जाणार म्हटल्यावर विमलबाईंचा चेहरा उतरला. मला म्हणाल्या, "त्या अकराव्या मजल्यावर मला खाली बघवत नाही हो. चक्कर येते. मरायला तरी इथं यावं म्हणून अर्ज केला." आणि शालनचा वाटा बंद होणार म्हटल्यावर त्या एकदम भडकल्या. "म्हणून तर माझं नाव लिहिलं मी! तिचं लिहिलं असतं तर तिचा चारा गेला असता, एवढं मला कळत नाही का?"

शालनच्या बोटातला वेल तुटला.

"तुमाला ठावं व्हतं?" ती मला नव्हे, थेट विमलला म्हणाली. बारा वर्षांतलं पहिलं वाक्य, आणि तेही भांडणाचं.

उत्तर यायच्या आत माझा फोन वाजला. जिल्ह्याच्या वहीतून नोंद आली होती. शेहेचाळीसचा हुलगा, काळा वाण, मूळ घर खरसुंडीकडचे सरगर, तिथून लेकीकडे गेलेलं बी. लेकीचं नाव विमल. मी तीनदा वाचलं.

"विमलबाई, शेहेचाळीस साली इथं तुमच्या माहेरचा हुलगा पेरलेला आहे. तो कसा आला?"

त्यांनी काठीचं टोक बांधावरच्या एका चपट्या दगडाकडे केलं.

"त्या साली जेठात गावात दहाव्याला आले होते. इथवर आले. रान नांगरून ठेवलेलं दिसलं, पण पेर नव्हती. खाली हिची म्हैस बांधलेली होती. बरगड्या मोजाव्यात अशी. म्हटलं हिनं बी खाल्लं असेल, नाहीतर म्हशीला घातलं असेल. भावाकडून हुलगा मागवला आणि पिशवी त्या दगडावर ठेवली."

"ती पिशवी तू ठिवलीस?" शालन पुढं झाली. "मला वाटलं सरकारचं वाटप हाय. पिशवीवर सरकारी छाप व्हता."

"रेशनची पिशवी होती. दुसरी कुठली आणू?"

"आन माझ्या दारात का न्हाई ठिवली?"

"तुझ्या दारात यायला तोंड होतं का मला?"

शालन दगडाकडे बघत राहिली. "ज्या रानाच्या बांधावर पिशवी, त्या रानाचं बी," ती हळूहळू म्हणाली. "म्हनून हितं पेरला. चांगला गुडघाभर झाला. पाऊस न्हाई, पानी न्हाई, तरी झाला. आन मग..."

"मग कापलास ना?" विमलबाई म्हणाल्या. "म्हशीला झाला असेल की दोन महिने."

शालननं तोंड फिरवलं. विमलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात पडदा होता, त्यावर शेहेचाळीसचा रकाना होता, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की हे यंत्र कुणी काढलंच नसतं तर बरं झालं असतं. दोघी आपापल्या समजुतीवर म्हाताऱ्या झाल्या असत्या. एकीला वाटलं असतं, मी एक जनावर वाचवलं. दुसरीला वाटलं असतं, मी चोरी केली नाही.

"गाडलाय," मी सांगितलं. "सगळा."

"गाडला?" विमलबाईंना ते पटेना. "अगं, म्हशीसाठी पाठवला होता मी तो! चंद्रीसाठी! रानाचं काय घेऊन बसलीस, रान गेलं खड्ड्यात! तुझ्या म्हशीसाठी होता तो, शालन!"

शालन मटकन खाली बसली. पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली, अगदी मोठ्यानं, लहान मुलींगत. चंद्री गाडीत चढत नव्हती, ती सांगत होती. दोनदा मागं वळून आली. वरती हुलगा दिसत होता तिला, वास येत होता, ती त्याच्याकडंच वढत व्हती. आन मी तिला दाव्यानं हिकडं वढली. एक सबूद बोलली असतीस, शालन म्हणाली. एक सबूद. काप म्हनली असतीस.

"मला वाटलं कापत असशील," विमलबाई म्हणाल्या. "तीन वर्षं मी तिथं वर बसून तेच समाधान मानत होते."

मी नोंद लिहायला घेतली, कारण मला दुसरं काय करावं सुचत नव्हतं. संमती: आहे. पुरावा: मालकिणीच्या माहेरचे बी, साल शेहेचाळीस. एका सालाचं बी बाकीच्या पाच सालांना पुरतं का, हे कायद्यात लिहिलेलं नाही. मी पुरतं असं धरलं आणि नोंद पाठवली. वरून फोन आला नाही.

"हळदीच्या वेळी," विमलबाई अचानक म्हणाल्या, "वाटी मी तुझ्या हातात द्यायला पाहिजे होती. बायका काय म्हणतील म्हणून भ्याले. पुढं माझ्यावर तीच पाळी आली तेव्हा कळलं."

"आता काय त्येचं," शालन म्हणाली. पण म्हणाली. नाक पुसून तिनं विळा उचलला, विमलच्या पुढ्यात धरला. विमलबाईंनी तो घेतला, मग गुडघ्यांकडे बघून परत दिला.

"तूच काप. मी भारा बांधते."

"फुलावर हाय. आता कापली तर गाठी गळत्यात, रानाला काय ऱ्हात न्हाई."

"वगारीला काय घालतेस मग?"

मी सामान आवरून निघाले. मला त्या दिवशी अजून दोन रानं होती. गाडीपाशी पोचल्यावर ध्यानात आलं, पंचनाम्यासाठी पुन्हा रोवलेली सुई जमिनीतच राहिली. असली चूक मी कधी करत नाही. परत वर गेले तर लांबूनच आवाज ऐकू आले. दोघी रानाच्या मधोमध उभ्या होत्या. अर्धी चवळी कापायची आणि अर्धी गाडायची, इथपर्यंत एकमत झालं होतं. अर्धं कुठं संपतं यावर भांडण पेटलं होतं.

"हितपतोर!" शालन पाय आपटून म्हणाली. "आक्का, रान तुझं हाय, जरा रानाचा इचार कर!"

"रानाला सहा वर्षं घातलंस ते पुरे झालं," विमलबाई काठीनं चार ओळी पलीकडे रेघ ओढत म्हणाल्या. "इथपर्यंत काप. वगारीचं पोट मी बघितलंय मघाशी."

शालननं वाकून आधी त्या चार ओळींनाच विळा लावला. मी सुई उपटली, पुसली आणि खाली उतरले.